सरळ जाणारं विमान

मंचरच्या बाजारपेठेत सुगनचंद पुंगलियांचं कापडाचं जुनं दुकान आहे. त्याच्या एका कोपऱ्यात काच लावून त्यांच्या सुनेनं, राखीनं, विमानाच्या तिकिटांचं टेबल मांडलं तेव्हा म्हातारे चष्म्यावरून बघत म्हणाले होते, "इथून कांदा जातो, बटाटा जातो. माणसं कुठं जाणार गं विमानानं?"

पण माणसं गेली. अवसरीची मुलगी नर्स होऊन गेली, पेठ गावचा मुलगा कॉम्प्युटर शिकून गेला, आणि मग त्यांच्या मागून त्यांचे आईबाप निघाले. आईबापांना विमानतळ म्हणजे नवा मुलूख. राखी त्यांना नुसतं तिकीट काढून देत नसे. समोर बसवून, चहा पाजून सगळं समजावून सांगायची. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत ठेवायची नाही. पट्टा असा ओढायचा. पुढचा माणूस बूट काढून ट्रेमध्ये ठेवतोय म्हणून लाजायचं नाही, आपणही काढायचे. ज्याला इंग्रजीचा गंध नाही त्याच्या नावावर ती चाकाची खुर्ची लिहून घ्यायची. "पाय धडधाकट आहेत माहितीये मला," ती सांगायची, "तरी खुर्चीत बसायचं. ढकलणारा माणूस तुम्हाला बरोबर विमानाच्या दारात नेऊन सोडतो. एकटं फिरलात तर हरवाल."

तिच्याकडून सगळ्यात जास्त तिकिटं जायची ती देशाचं नाव अंगावर लिहून उडणाऱ्या कंपनीची. गावाकडचे लोक तिला 'सरकारी इमान' म्हणायचे. त्या विमानात हिंदी बोलणारं कुणीतरी भेटतं, जेवायला वरणभात मिळतो, आणि मुख्य म्हणजे ते लांबच्या देशांना मुंबईहून सरळ जातं, मध्ये कुठं उतरवत नाही. राखी सासूबाईंना, प्यारीबाईंना, अभिमानानं सांगायची की एवढ्या मोठ्या कंपनीच्या यादीत आपल्या मंचरचं नाव आहे.

मग कंपनीचा कारभार बदलला. वरून आलेल्या नव्या साहेबांना गावोगावचे एजंट अडगळ वाटू लागले. आधी कमिशन गेलं. त्यावर एजंट कुरकुरले आणि गप्प बसले. पण एका सकाळी पेठ गावचे सावळेराम दुकानात आले आणि त्यांनी आपला मोबाईल राखीपुढं धरला.

"ताई, चष्मा घरी राह्यला. कंपनीचा मेसेज आलाय, वाचा की जरा. ल्योकाचं इमान लेट हाय का काय?"

राखी मोठ्यानं वाचू लागली आणि अर्ध्यात थांबली. विमान वेळेवरच होतं. कंपनीनं प्रवाशांना कळवलं होतं की एजंट दिशाभूल करतात, फसवणूक टाळायची असेल तर तिकीट थेट आमच्याकडूनच घ्या.

"काय म्हंतात?"

"म्हणतात की माझ्याकडून तिकीट घेऊ नका. मी फसवते."

सावळेराम ओशाळून हसले. "काय बी लिवत्यात राव." त्यांनी मोबाईल खिशात घातला, पण जाताना त्यांनी विषय काढला तो ऊन फार पडलंय याचा, तिकिटाचा नाही. राखीला ते लागलं. ज्या कंपनीच्या विमानात तिनं तालुक्यातली माणसं हाताला धरून बसवली, त्याच कंपनीनं तिच्याच तोंडून तिला चोर म्हणवलं होतं.

पुढच्याच आठवड्यात नारायणगावच्या एका मंगल कार्यालयात जुन्नर-आंबेगावच्या एजंटांची सभा झाली. संघटनेचे अध्यक्ष आदेशभाऊ. नारायणगावात हायवेला त्यांचं दुमजली ऑफिस होतं, दारात स्वतःच्या बस उभ्या असायच्या, आणि बोलायला लागले की माणूस चहा थंड करून ऐकत बसायचा. त्या दिवशी तर त्यांनी सभागृह पेटवलं.

"ह्यांना पहिला प्रवासी कुणी आणून दिला? आपण दिला. आणि आज आपण फसवे? ठरवा, भावांनो. माफी मागेपर्यंत ह्या कंपनीचं एकही तिकीट आपल्या कुणाच्या दुकानातून जाणार नाही. एकही! आहे का शब्द?"

"आहे!" सगळे ओरडले. सभेत राखी एकटीच बाई होती. तीही ओरडली. एरवी तिचा आवाज दुकानाबाहेर जात नसे.

बाहेर फोटोची वेळ आली तेव्हा आदेशभाऊंनी तिला हात करून बोलावलं. "वहिनी, निषेधाचा फलक तुम्ही पुढून धरा. बाई पुढं असली की पेपरवाले फोटो छापतात." फोटो छापून आला. नवरा कल्पेश मार्केट यार्डात कांद्याची आडत करायचा. त्यानं पेपर घरी आणला, बायकोचा फोटो बघितला आणि म्हणाला, "बाकीचे टिकतील का बघ. आमच्याकडं लिलाव बंद ठरतो तेव्हा मागच्या दारानं गाडी भरणारा एखादा निघतोच."

"हे लिलाव नाहीये," राखी म्हणाली. "आमच्या अब्रूचं आहे."

त्यानंतर त्या कंपनीचं तिकीट मागणारा प्रत्येक माणूस तिनं परत पाठवला किंवा दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवला. कारण खरं ते सांगायची. कुणी समजून घेई, कुणी खांदे उडवून निघून जाई. टेबलाजवळची गर्दी हळूहळू ओसरली. सुगनचंद काही बोलले नाहीत, फक्त एकदा म्हणाले, "शब्द दिला म्हणतेस ना? मग बस तशीच."

अशात एका सकाळी अवसरी बुद्रुकचे भगवंत हिंगे घाईघाईनं आले. सोबत बायको धोंडाबाई. त्यांची मुलगी तेजस्विनी मेलबर्नला नर्स होती, तिथंच तिचं लग्न होऊन संसार थाटलेला. तिला दिवस गेले होते. धोंडाबाईंचा व्हिसा राखीनंच काढून दिला होता आणि पुढच्या महिन्यात तिकीट काढायचं ठरलं होतं. पण पहाटे फोन आला होता. तेजस्विनीचं बीपी वाढलं होतं, डॉक्टर थांबायला तयार नव्हते, बाळ आधीच काढावं लागणार होतं. जावई खाणीवर, लांब.

"आजच्या आज बसवा तिला," भगवंत म्हणाले. "लेक येकटी हाय."

राखीनं कॉम्प्युटर उघडला. मुंबईहून मेलबर्नला सरळ जाणारं विमान एकच होतं, त्या कंपनीचं. त्यात जागाही होती. दुसऱ्या कंपनीनं जायचं तर क्वालालंपूरला उतरून विमान बदलावं लागणार होतं.

"काका," ती म्हणाली, "सरळ विमान आहे. पण ते त्या कंपनीचं. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, ते विकायचं नाही. तुम्ही असं करा, त्यांच्या वेबसाईटवरून घ्या. तुमचा पुतण्या काढून देईल. मला वाईट वाटणार नाही, आई शपथ."

भगवंतांनी बायकोकडं पाहिलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सावकाश बोलले. "आमी कांद्याचा लिलाव बंद पाडला व्हता त्या वर्षी, ध्यानात हाय? समदे व्यापारी आमच्या अंगावर धावून आले. तवा तुमच्या सासऱ्यानं, शेठनी, आपलं कापडाचं दुकान बंद ठेवलं. त्यांच्या कापडाचा कांद्याशी काय संबंध? पण ठेवलं. आता तुमचा बंद हाय तर आमी त्यांच्या इमानात बसायचं? न्हाई जमायचं."

"काका, ही वेळ वेगळी आहे."

"मधी उतरून दुसऱ्या इमानात चढायचं, येवढंच ना?" धोंडाबाई पहिल्यांदाच बोलल्या. "तू खुर्ची लिवून दे. बसते मी खुर्चीत."

राखीनं आणखी एकदा सांगायला हवं होतं. ते तिला त्या क्षणीही कळत होतं. पण त्या दोघांनी आपल्या बाजूनं उभं राहावं, हे तिला इतकं बरं वाटलं की तिनं तिकीट काढलं. खुर्ची लिहिली. एका कागदावर इंग्रजीत लिहून दिलं की या बाईंना मराठीच येतं, यांना मेलबर्नच्या विमानापर्यंत पोचवा. मुंबईला ती स्वतः सोबत गेली आणि काचेपलीकडं दिसेनाशी होईपर्यंत धोंडाबाईंना हात करत राहिली. हिरवं नऊवारी लुगडं, पायात लेकीनं पाठवलेले पांढरे बूट.

मुंबईहूनच विमान उशिरा सुटलं. क्वालालंपूरला पोचेपर्यंत पुढचं विमान निघून गेलं होतं. खुर्ची ढकलणाऱ्या मुलीनं कागद वाचला, कुणाकुणाला दाखवला, आणि धोंडाबाईंना एका बाकाजवळ नेऊन हातानं 'थांबा' अशी खूण केली. पुढच्या विमानात जागा नव्हती, त्याच्या पुढच्यात मिळाली. राखी इकडून फोन लावत राहिली, कंपनीच्या माणसांशी भांडली, रडली. धोंडाबाईंचा मोबाईल तिथं चालत नव्हता. एका तमिळ कुटुंबानं त्यांना आपल्या डब्यातला भात दिला, एवढं नंतर कळलं. त्या बाकावरून त्या हलल्या नाहीत. उठलो तर खुर्चीवाली आपल्याला शोधायची कुठं, ही भीती.

तेजस्विनीला मुलगी झाली. इवलीशी, काचेच्या पेटीत ठेवलेली. एक दिवस आणि एक रात्र जगली. धोंडाबाई दवाखान्यात पोचल्या तेव्हा पेटी रिकामी होती.

हे राखीला भगवंतांनी फोनवर सांगितलं. आवाज चढवला नाही. "तुमी काय करणार, ताई. देवाची मर्जी," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. राखी कापडाच्या गठ्ठ्यांमागं जाऊन बसली. प्यारीबाईंनी तिला पाणी आणून दिलं, ते तसंच राहिलं. त्यातही तिच्या मनात एक आधार होता, आणि त्याची तिला लाजही वाटत होती. आपण शब्दाला जागलो. किंमत फार मोठी पडली, पण ती एका कारणासाठी पडली. तालुक्यातले सगळे एजंट हेच सोसत असतील, असं ती स्वतःला सांगत राहिली.

तो आधार फार दिवस टिकला नाही. एका दुपारी भगवंत पुन्हा आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"येक इचारायचं व्हतं. पेठेचा सावळेराम हाय ना, त्याचा ल्योक बी तिकडंच मेलबर्नला असतो. सावळेराम तेजस्विनीला भेटाया गेला व्हता. तो धोंडाला म्हनला, मी त्याच दिशी निघालो मुंबईवरनं, सरळ इमानानं. सरकारी. पोचून घरी जेवलो सुदिक, तवा तुमी त्या बाकावर व्हता." भगवंत थांबले. "मी म्हनलं, त्यानं मोबाईलवर काढलं आसंल तिकीट. तर म्हने न्हाई. नारायणगाववरनं घेतलं. आदेशभाऊकडनं."

राखीला आधी वाटलं, काहीतरी चुकलंय. "आदेशभाऊ विकणार नाहीत काका. त्यांनीच तर—"

"म्हनून तर इचारतो," भगवंत म्हणाले. "तुमालाच ठावं न्हाई म्हनल्यावर झालं." आणि ते आल्या पावली निघून गेले.

राखीनं स्कूटर काढली आणि तडक नारायणगाव गाठलं. आदेशभाऊ आपल्या ऑफिसात वरच्या मजल्यावर होते. तिला बघून उठले, पंखा वाढवला, चहा सांगितला.

"सावळेरामांना तिकीट तुम्ही दिलंत?"

नाही म्हणण्याचीही तसदी आदेशभाऊंनी घेतली नाही. "दिलं. मुंबईच्या एका एजंटच्या नावावर निघतात ती, माझं नाव कुठं येत नाही. का हो, काय झालं?"

"बंदी होती ना?"

"होती की. आहे अजून." ते समजावणीच्या सुरात बोलू लागले. "वहिनी, बंदी ही कंपनीला दाखवायला असते. पेपरात फोटो आला की त्यांचा साहेब बोलवतो, आपण बसतो, थोडं ते सरकतात, थोडं आपण. गिऱ्हाईक दारातून परत पाठवून कुणाचं भलं होतंय? माझ्याकडं माणसं आहेत कामाला. त्यांची घरं आहेत."

"आणि बाकीचे?"

"सगळेच काढत होते माझ्याकडून. कुणी दोन, कुणी पाच." मग त्यांना काहीतरी सुचल्यासारखं झालं आणि ते पुढं झुकले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं. "म्हणजे तुम्ही एकही विकलं नाही? खरंच?"

"एकही नाही," राखी म्हणाली.

"अरे देवा," आदेशभाऊ म्हणाले, आणि त्यांना हसू आलं. त्यात दुष्टपणा नव्हता. तेच तिला सहन झालं नाही. "अहो, एक फोन करायचा होता मला. मी काय नाही म्हणालो असतो तुम्हाला?"

तिनं त्यांना बाळाचं सांगितलं. बाक, रिकामी पेटी, सगळं. आदेशभाऊंचं हसू मावळलं. त्यांनी मान हलवली, च्‌ च्‌ केलं. म्हणाले, फार वाईट झालं, पण अशा गोष्टी कुणाच्या हातात नसतात. मग खालून फोन आला आणि त्यांनी बससाठी कुणाला तरी ड्रायव्हरचं नाव सांगितलं. राखी चहा न घेता उठली.

महिनाभरात कंपनीनं पुण्यात मोठ्या एजंटांना बोलावलं. समझोता झाला. आदेशभाऊ कंपनीचे या भागातले अधिकृत भागीदार झाले, त्यांचा शाल घातलेला फोटो छापून आला. माफी कुणी मागितली नाही आणि कुणी मागूनही घेतली नाही. राखीनं एकदा कॉम्प्युटरवर कंपनीचं पान उघडलं तर ते उघडेना. तिनं फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडून बरेच दिवस एकही विक्री नाही, त्यामुळं तुमची नोंद बंद केलीय. तुम्हाला आमची तिकिटं हवी असतील तर तुमच्या भागात आमचे भागीदार आहेत. त्यांचा नंबर देऊ का?"

"नको," राखी म्हणाली. "आहे माझ्याकडं."

संघटनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिनं मोठा मजकूर लिहिला. अवसरीच्या बाईंचं नाव न घेता सगळी हकिगत. उत्तर म्हणून काहींनी हात जोडले, एकानं सकाळच्या शुभेच्छांचं फूल पाठवलं, आणि मग कुणीतरी दिवाळीच्या बसभाड्याचा विषय काढला. ती ग्रुपमधून बाहेर पडली. कुणी का म्हणून विचारलं नाही.

दिवाळी झाल्यावर भगवंतांचा फोन आला. तेजस्विनी आईबरोबर इकडं यायला निघणार होती, थोडे दिवस माहेरपणाला. "दोघींचं तिकीट पायजे ताई. या खेपंला सरळ इमानाचं. कुठलीबी कंपनी आसूद्या. पोरीत उतरायचं-चढायचं बळ न्हाई."

ते अजूनही तिच्याकडंच मागत होते. "काका, ते माझ्याकडं..." असं तिनं सुरू केलं आणि तिथंच थांबली. पुढं काय सांगणार? नारायणगावला जा? "काढते," ती म्हणाली.

कल्पेश समोर बसला होता. तो म्हणाला, "मोबाईलवर काढून दे ना थेट. कशाला त्याच्या दारात?" तिनं तसंच करून पाहिलं. पण परतीची तारीख तेजस्विनीच्या तब्येतीप्रमाणं पुढंमागं करावी लागणार होती, आणि तशी मुभा असलेल्या जागा कंपनीनं भागीदारांकडंच ठेवल्या होत्या. दोन दिवस राखी फोनकडं बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं आदेशभाऊंना फोन लावला.

"बोला वहिनी!" पलीकडून मोकळा, आनंदी आवाज आला. "किती दिवसांनी. नावं पाठवा फक्त, बाकी मी बघतो. आपल्यात काय?"

तिनं नावं पाठवली. तिकिटं आली. त्यांच्या माथ्यावर नारायणगावच्या ऑफिसचं नाव होतं.

त्या दोघी पोचल्याचं कळल्यावर राखी अवसरीला गेली. तेजस्विनी आत झोपली होती. भगवंत शेतावर होते. धोंडाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी राखीला बसायला पोतं सरकवलं.

"काकू," राखी म्हणाली, "मी यायला हवं होतं आधीच."

धोंडाबाईंनी मान वर केली नाही. "मला येक सांग. खरं सांगायचं. त्या सरळ इमानात बसले असते तर कवा पोचले असते मी?"

काहीतरी बरं वाटेल असं बोलता आलं असतं. विमानं उशीर करतात, दवाखान्यानं आत सोडलं असतं की नाही कुणास ठाऊक, असं पुष्कळ.

"बाळ व्हायच्या आधी," राखी म्हणाली. "तुम्ही तिथं असता, काकू."

धोंडाबाईंनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि टरफलं पदरातून झटकली.

"मांडीवर घ्याया मिळाली असती," त्या म्हणाल्या. "पेटीच्या भायेर काढून देतात म्हनं, शेवटाला. नर्स म्हनत व्हती. तेजस्विनीच्या अंगात ताकद नव्हती उचलायची. तिथल्याच कुन्या बाईनं घेतली मांडीवर."

राखीनं हात पुढं केला. धोंडाबाईंनी सूप उचललं आणि त्या उठल्या.

"जा पोरी आता. ती जागी व्हईल," त्या म्हणाल्या. "तुला बघितलं की तिला परत समदं आठवंल."

त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. आतून कडी लावल्याचा आवाज आला नाही, पण दार उघडंही झालं नाही. आजवर त्या घरातून राखी चहा घेतल्याशिवाय कधी गेली नव्हती. मग तिनं स्कूटर सुरू केली आणि मंचरच्या रस्त्याला लागली. दुकानात एक गिऱ्हाईक तिची वाट पाहत थांबलं होतं. सिंगापूरला सरळ जायचं म्हणत होतं, सरकारी इमानानं.